घास

परळच्या पुनर्वसन केंद्रात दाजी परब उजव्या हाताने व्यवस्थित जेवत. पक्षाघाताने लुळा पडलेला तो हात व्यवसायोपचारतज्ज्ञ इरावतीने एकेक बोट करून कामाला लावला होता. म्हणूनच सुनेची तक्रार ऐकून ती चिडली. लालबागला घरी दाजी ताटाला हातच लावत नाहीत, सासूबाई भरवतात.

"दाजी, याला आजार नाही, आळस म्हणतात. हात वापरला नाहीत तर पुन्हा आखडेल."

"आखडू दे गो बाय," दाजी म्हणाले. "हिला आता माणसं ओळखू येत नाहीत. मलाच विचारते, भाऊ, तुम्ही कुणाकडे आलात? पण मला भरवायला घास उचलला, की लग्नातला उखाणा आपसूक तोंडात येतो. त्यात माझं नाव आहे."