साडेचार इंच

शिंप्याने थेट पृथ्वीलाच टेप लावली. मुलीच्या शाळेच्या दिवसांतला जुना पृथ्वीगोल त्याने कापड बेतायच्या टेबलावर आणून ठेवला होता. आपल्या शहरावर अंगठ्याने टेपचं टोक दाबून त्याने ती वरच्या अंगाने वळवत मुलीच्या नव्या शहरापर्यंत नेली. भिंतीवरच्या नकाशावर सकाळीच मोजून झालं होतं, पण तिथला आकडा त्याला मुळीच आवडला नव्हता. सपाट कागदावरच्या मापावर तसाही त्याचा भरवसा नव्हता. माप घ्यावं ते अंगावरच.

"साडेचार इंच," तो म्हणाला. "शर्टाच्या खिशाएवढंच की!"

"सात हजार किलोमीटर आहे, बाबा," मुलगी बॅगेची चेन ओढत म्हणाली. "विमानाला नऊ तास लागतात."

"नऊ तासांत माझा एक कोटसुद्धा होत नाही."

कोटाचं नाव निघालं आणि आईला आयतंच निमित्त मिळालं. मुलीसाठी बेतलेला गडद निळा कोट महिनाभर खुंटीवर लटकत होता. उजवी बाही बसलेली, डावी नुसतीच टेबलावर पडलेली.

"जन्मात कधी गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणाला नाहीत," आई म्हणाली, "आणि पोटच्या पोरीचा कोट तेवढा अर्धा!"

"ट्रायल घेतल्याशिवाय दुसरी बाही बसवत नाही मी."

"मग घ्या ना ट्रायल. उभीच आहे मी," मुलगी म्हणाली.

"आत्ता? टॅक्सी दारात, तुझा एक पाय बाहेर. घाईत खांद्याला चुण्या पडतात." तो टेप गुंडाळू लागला. "तिकडे थंडी पडायला अजून चार महिने आहेत. त्याआधी ये. निवांत घेऊ."

"एका बाहीसाठी नऊ तास प्रवास करून कोण येतं, बाबा?"

"साडेचार इंच," तो पुन्हा म्हणाला. टेप मात्र काही केल्या नीट गुंडाळली जाईना.

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. कोट महिनाभर का अडला होता, ते तिच्या आत्ता लक्षात आलं असावं. शिंप्याने मान खाली घातली. तिने आणखी थोडा वेळ तसं बघितलं असतं, तर त्याला रडूच फुटलं असतं.

बाहेर हॉर्न वाजला. तिने टेबलावरची डावी बाही उचलली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"अगं, बाही कुठे घेऊन चाललीस?" आईने विचारलं.

"राहू दे माझ्याजवळ. नाहीतर मी वळले की बाबा शहाण्यासारखे बाही बसवतील आणि कोट कुरियरने पाठवून देतील."

अर्धवट काम कधी दुकानाबाहेर जाऊ न देणाऱ्या शिंप्याने या वेळी बाही जाऊ दिली. टॅक्सी कोपऱ्यावर दिसेनाशी झाल्यावर त्याने एका बाहीचा कोट खुंटीवरून काढला, हाताने झटकला आणि ट्रायलच्या कपड्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे टांगला.