रक्तातलं नाव

परीक्षा केंद्राच्या दारातल्या यंत्राने शाल्मलीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, सरकारी नोंदींशी ताडला आणि लाल दिवा लागला.

"हॉलतिकिटावर मुलगी आणि रक्तात पुरुष," तपासनीस लोहकरे म्हणाले. "तू आहेस तरी कोण?"

"माझी मुलगी आहे हो," आई पुढे झाली. "सहा वर्षांपूर्वी हिला रक्ताचा कर्करोग झाला. दुसऱ्याची अस्थिमज्जा दिली, तेव्हापासून हिच्या अंगात त्या दात्याचंच रक्त तयार होतं. मी गावोगाव दाते नोंदवते, तिथेही हेच समजावते."

"काल एकाने जुळ्या भावाची गोष्ट रचली होती. दात्याचं नाव काय?"

"ते आम्हाला कळू देत नाहीत."

"सोयीचं आहे!" लोहकरेंनी पडद्यावरचं नाव वाचलं. "विश्राम परब, कुडाळ. ओळखीचा नाही म्हणता?"

शाल्मली परीक्षा विसरली. "काका, परत वाचा ना," ती म्हणाली.

लोहकरेंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तोतयाला निदान स्वतःचं नाव ठाऊक असतं; ही ते पहिल्यांदाच ऐकत होती.

"जा आत," ते म्हणाले. "बाई, तुम्ही मात्र पेपर सुटेपर्यंत इथेच बसायचं."

"बसते की." आईने पिशवीतून अर्ज काढला. "तोवर तुमचं नाव दाता म्हणून नोंदवू?"

लोहकरेंनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.