आवाज नसताना

श्रवणचाचणीच्या खोलीची काच दुहेरी. माइकशिवाय पलीकडचं अलीकडे काही येत नाही.

सहाला वादसभा. विषय : धर्मावर टीका करणाऱ्याने श्रद्धाळूंना समजून घ्यायलाच हवं का? श्रवणतज्ज्ञाची बाजू : नाही.

उजवा कान, एक हजार हर्ट्झ, चाळीस डेसिबल. आवाज पाठवायचा बाकी.

तरी हिरवा दिवा : पलीकडे बटण दाबलं गेलं.

श्रवणतज्ज्ञाने कपाळाला हात लावला. काचेपलीकडच्या खोलीत त्याचे वडील हेडफोन चढवून, डोळे मिटून बसले होते आणि आवाज नसताना बटण दाबत होते. चौथ्यांदा. असंच चाललं तर आलेख चुकणार, आलेखावरून बसवलेलं कानातलं यंत्र चुकणार, आणि आज ऐकू येतात ते चार शब्दही उद्या गोंगाटात बुडणार.

“बाबा!” तो माइकमध्ये जवळजवळ ओरडलाच. “आवाज आला तरच दाबायचं!”

“आला म्हणूनच दाबलं.”

“मी पाठवलाच नाही. यंत्र माझ्यापुढे आहे.”

“तू काय पाठवलंस ते तुला ठाऊक. मला काय ऐकू आलं, ते मला विचारशील की नाही?”

“त्यात काय विचारायचं? नसलेलं ऐकायची सवयच आहे तुम्हाला! रोज पहाटे प्रार्थनेला जाऊन दुसरं काय करता?”

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

“हे मात्र अगदी स्वच्छ ऐकू आलं,” बाबा डोळे न उघडताच म्हणाले. “संध्याकाळी हेच सांगणार ना?”

“हेच. ताप मोजायला डॉक्टरला स्वतःला ताप यावा लागत नाही.”

“नको यायला. पण कुठं दुखतंय, एवढं तरी तो विचारतो.”

त्याने माइक बंद केला. आलेखाच्या कोपऱ्यात त्याने पेन दाबून लिहिलं : प्रतिसाद भरवशाचे नाहीत. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

संध्याकाळी त्याची बाजू जिंकली. मागच्या रांगेत बाबांनीही टाळ्या वाजवल्या. जरा उशिरा, शेजारच्यांचे हात बघून.

त्या सकाळी, चाचणीआधी, नोंदणीच्या खिडकीवर बाबांनी अर्ज भरला होता. त्यात ‘काय ऐकू येत नाही?’ या प्रश्नापुढे दोनच शब्द होते : मुलाचं बोलणं.