पलीकडचा नळ

ग्रोनिंगनमध्ये पारा उणे दहाच्या खाली उतरला, तेव्हा शेजारच्या विलेम आजोबांनी मास्क लावून, लांबूनच धम्मदीपाला बजावलं, "भिंतीतला पाइप गोठून फुटतो. नळाला बारीक धार राहू दे. पण थंडी ओसरली की त्याच दिवशी बंद कर. पाणी वाया गेलेलं मला खपत नाही."

जालन्यात टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या धम्मदीपाला म्हातारा तिथेच आवडून गेला.

मग लॉकडाऊनमध्ये दोघांची गाठ काही पडली नाही. पण स्वयंपाकघराच्या भिंतीतून त्यांच्या नळाची धार ऐकू यायची. "एकटे असतात गं ते, चौकशी करतेस ना?" असं आईने फोनवर विचारलं, की ती म्हणायची, "नळ चालू आहे त्यांचा. म्हणजे बरे आहेत."

थंडी ओसरली तशी तिने आपला नळ बंद केला. त्यालाही आता पाच दिवस झाले. कालव्यातला बर्फ विरघळून बदकं पोहायला लागली. सकाळी चहाचं आधण ठेवताना तिने सवयीने भिंतीकडे कान दिला.



पलीकडची धार अजून चालूच होती.