मामाची पिवळी

"अक्षता पडल्या की फोन कर, आत्या," एवढंच तन्मय म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

अहल्या मांजलपूरच्या त्या हॉलच्या जिन्याजवळ फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. भावाच्या लेकाने दवाखान्यातून फोन करावा, बापाचं नाव काढू नये, आणि बहिणीनेही "दादा कसा आहे" म्हणून विचारू नये, याचा अर्थ कळायला ज्योतिषी लागत नाही. जयवंतराव गेले होते. तन्मयने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. म्हणजे कानावर काही आलं नाही. कानावर आलं नाही तोवर सुतक नाही. या घरांमधून कितीतरी लग्नं अशीच तडीस गेली आहेत.

देवक बसल्यावर सुतक लागत नाही, असं भटजींनी दहादा सांगितलं असतं. पण मांजर आडवं गेलं म्हणून मुलाकडच्यांनी साखरपुड्याची तारीख बदलली होती. ते कसले ऐकतात! शिवाय परवा दादानेच तोंडावरचा मास्क बाजूला करून बजावलं होतं, "पोरीवर अक्षता पडेपर्यंत माझं नाव काढायचं नाही." जन्मभर तिने त्याचं काही ऐकलं नव्हतं. साडेबाराचा मुहूर्त होता आणि आता बारा वाजत आले होते. अर्धा तास गप्प राहायचं, एवढंच काम.

रडू येईल म्हणून ती थांबली. आलं नाही. बापाहून जास्त लाड केले त्याने, आणि आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याची तिला भीती वाटली. फोन पर्समध्ये टाकून तिने नवरीच्या खोलीचं दार ढकललं.

आत महाभारत चाललं होतं. उत्कर्षा मामाने दिलेली पिवळी साडी नेसून आरशापुढे बसली होती आणि वाद होता तो डोक्यावरच्या शेल्याचा. थोरल्या काकूंचं, स्नेहलताबाईंचं म्हणणं, शेला कपाळावरून भुवयांपर्यंत यायला हवा. उत्कर्षाचं म्हणणं, तो मागे अंबाड्यावर टाचायचा. हा वाद चार महिने जुना होता. साडी नेसवायला कारेलीबागेतून आलेली मंदा तोंडात पिना धरून दोघींनाही मान डोलावत होती.

"आमच्या घरातल्या लेकी-सुना अशाच गेल्यात मांडवात," काकू म्हणाल्या.

"काकू, दोन तास बसून मेकअप केलाय. तो काय भटजींनी मनातल्या मनात बघायचा?"

सगळ्या हसल्या. अहल्याही हसली. हसता आलं याचं तिला नवल वाटलं.

मंदाने शेवटी नवरीचं ऐकलं आणि शेला अंबाड्यावर टाचला. "सरस! आता फोटोत चेहरा बराबर दिसणार," ती गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली. "परवा एका गुजराती मुलीला पानेतर, त्यांची लग्नाची साडी, नेसवलं. त्यांच्यात पण ते मामाच देतो हं, बेन. तुमचे मामा क्यारे येणार, कधी?"

"दवाखान्यात आहेत ते," काकूंनी तिला गप्प केलं.

उत्कर्षाने आरशातूनच आईकडे पाहिलं. "आई, दवाखान्यातून फोन आला?"

"तन्मयचा आला होता."

"काय म्हणाला?"

"दादा झोपलाय म्हणाला. शांत झोपलाय."

कालपर्यंत दर फोननंतर आई पाऊण तास सांगत बसायची. मामाने पेज किती घेतली, नर्सशी कसा भांडला, डॉक्टरला काय चिडवलं. आज दोन वाक्यांत संपलं होतं. उत्कर्षा आरशातून बघतच राहिली. अहल्या खाली बसली आणि पिवळ्या साडीच्या निऱ्या सारख्या करू लागली. त्या सारख्याच होत्या.

बाहेर सनई थांबली आणि माइकवर भटजींचा आवाज आला. "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं."

चुलतमामा दत्ताजीराव फेटा सावरत दाराशी येऊन उभे राहिले.

"मंदाताई, पिन काढा," उत्कर्षा म्हणाली.

"कां? मस्त बसलाय ने!"

"काढा. शेला पुढे घ्या."

"केटलो, किती पुढे?"

"नाकापर्यंत."

मंदाने काकूंकडे पाहिलं. काकूंचा चेहरा फुलला होता. "बघा! शेवटी रीत ती रीत," त्या म्हणाल्या. "रक्तातच असावं लागतं." आणि त्या ही बातमी सांगायला मांडवाकडे निघाल्यासुद्धा.

मंदाने शेला पुढे ओढला. दोन तासांचा मेकअप, नथ, सगळं त्याखाली गेलं. उत्कर्षा उठली. काठ सारखा करायला अहल्या जवळ आली. शेल्याखाली लेकीची हनुवटी तेवढी दिसत होती. ती थरथरत होती.

अहल्याचे हात काठावरच थांबले.

मग शेल्याखालून हिरव्या चुड्याचा हात बाहेर आला. त्याने चाचपडत आईच्या खांद्यावरचा पदर शोधला, तिच्या डोक्यावर घेतला आणि कपाळावरून खाली, डोळ्यांपर्यंत ओढला.

"तूही घे, आई," उत्कर्षा म्हणाली. "अक्षता पडेपर्यंत."