तबल्यावरचे हात

नीलिमाने षड्ज लावला, तेवढ्यात भोईर साहेब सभागृहात आले आणि पहिल्या रांगेत, तिच्या वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

महाविद्यालयाच्या मधल्या सुट्टीतला विद्यार्थ्यांचा हा कार्यक्रम सर्वांना विनामूल्य खुला असे. शेजारच्या कॅम्प चार वस्तीतले दुकानदारही येऊन मागे उभे राहत. पण साहेब येतील असे तिला वाटले नव्हते. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात तिचे वडील भीमराव काम करीत, तिथल्या घणाच्या शेडचे ते सुपरवायझर. तापल्या लोखंडावर दिवसभर यांत्रिक घण पडे. त्याच घणावर अर्धे आयुष्य काढून साहेब वर चढले होते. एखाद्याला ऐकू येत नाही असा संशय आला, की ते त्याला तपासणीला पाठवीत. पाठवलेला माणूस पुन्हा शेडमध्ये दिसत नसे. पावसाळ्यात नाथा गेला, दिवाळीनंतर शिवराम.

भीमरावांना काहीच ऐकू येत नव्हते. हे फक्त घरात माहीत होते. पालेगावातली खोली आणि नीलिमाचे शिक्षण त्यांच्या नोकरीवर उभे होते.

सकाळी तिने त्यांच्यासमोर उभे राहून, एकेक शब्द सुटा करून सांगितले होते, "बाबा, माझ्याकडे बघू नका. तबला वाजवणाऱ्या बाळाच्या हातांकडे बघा. तो वाजवेल तशी मांडीवर थाप द्या. तो थांबला की थांबा."

"आणि बाळ्याच चुकला तर?"

"तर सगळेच चुकतील. तुम्ही एकटे नाही."

बाळाने ठेका धरला. भीमरावांची बोटे मांडीवर नेमकी पडू लागली. साहेबही मांडीवर ताल देत होते. त्यांची नजर तबल्यावरून हलत नव्हती. ते वडिलांची थाप ताडून पाहत आहेत, असे नीलिमाला वाटले.

अंतऱ्याला तिने पाहिले, तर भीमरावांनी डोळे मिटले होते. लहानपणी ती विहारात वंदना म्हणायची, तेव्हा ते असेच बसत. शेजारी कोण आहे, हे ते विसरले होते.

त्याच क्षणी ध्वनिक्षेपक किंचाळला. कर्कश शिट्टी घुमत राहिली, थांबेना. मुलींनी कान झाकले. प्राचार्यांनी झाकले. बाळाने तबला सोडून दोन्ही तळवे कानांवर दाबले. नीलिमाचे गाणे तुटले. भीमराव मात्र मिटल्या डोळ्यांनी मांडीवर थाप देत राहिले.

तिने घाबरून साहेबांकडे पाहिले. साहेब भीमरावांकडे बघतच नव्हते. ते अजून बाळाकडे पाहत होते. त्यांचे हात अजून मांडीवर होते. मग ते हात हळूच उठले आणि सर्वांच्या शेवटी कानांवर गेले.

कोणीतरी वायर उपटली. सभागृह शांत झाले. साहेबांनी भीमरावांच्या खांद्यावर हात ठेवला. भीमरावांनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा उतरला.

साहेब त्यांच्याकडे पूर्ण वळले. ओठ सावकाश हलवीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

"भीमराव, डोळे नाय मिटायचे. मी कधीच मिटत नाय."