साक्षीदाराची सही

अशिलाच्या शब्दावर विसंबून वकीलसाहेबांनी त्याच्या आईच्या कागदावर ‘माझ्यासमोर सही केली’ असा शिक्का मारला; म्हातारी आठवड्यापूर्वीच देवाघरी गेलेली. तेवढ्यावरून वकिलीची सनद गेली. आता सनदेचा कागद बार कौन्सिलकडे जमा करायच्या अर्जावर साक्षीदार हवा होता आणि घरात भिंतींशिवाय कुणी नव्हतं. महिन्याभरात पायरी चढलेला पहिला माणूस म्हणजे त्यांचा जुना कारकून. तोही दारातूनच म्हणाला, “साहेब, माझे नवे वकील खोळंबलेत. अर्जावर साक्षीदाराची सही मी आधीच करून आणलीय, तुम्ही तुमची करा सावकाश.” वकीलसाहेबांनी तो अर्ज फाडला. “अरे बाबा, यापायीच तर बुडालो ना मी?” कोरा अर्ज काढून त्यांनी समोरची खुर्ची बाहीनं पुसली. “बस. माझ्याकडे बघ.” कारकून टेकला. एरवी एका फटक्यात सही करणारे वकीलसाहेब एकेक अक्षर गिरवत राहिले. शेवटचं अक्षर संपलं की तो उठणार होता.